लाकूडतोड्यामागची डबी

अहो, हात लावा बिनधास्त, चावत नाही ते. हातमोजे कशाला घालताय, हेर टिलमान, गेली तीन वर्षं ते बिस्किटांच्या डब्यात होतं, खिळ्यांबरोबर — म्हणजे तसं नीट ठेवलेलं होतं, डब्याला झाकण होतं. बसा ना. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, हे घ्या. माझ्या बायकोनं, ख्रिस्टेलनं, श्टोलन दिलाय, आमचा नाताळचा केक, मनुका भरपूर आणि वर साखरेचा हा एवढा थर. खरं तर आज कापायचा नसतो, नाताळच्या आधीचा, आगमनाचा पहिला रविवार उद्या, त्याच्या आधी श्टोलनला सुरी लावली की आमच्याकडच्या बायका वर्षभर बोलतात — पण तुम्ही पाहुणे. खा. आधी खा, मग मोजमाप करा, वस्तू कुठे पळून जात नाही. आणि खरं सांगू का, आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, फ्राऊ माइक्सनरनी, तुम्हाला उगाच बोलावलं. मी म्हटलं होतं, बाई, विमानांच्या संग्रहालयातला शिकलेला माणूस, एक काळवंडलेली डबी बघायला तो बर्फातून डोंगर चढून कशाला येईल. तर आलात की तुम्ही. पहिल्याच बसनं आलात.

नाव शोधायचा प्रयत्न झालाय हो, झाला नाही असं नाही. बाईंनी जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या मासिकात फोटो छापून आणला — 'ही वस्तू ओळखा' — तर नऊ पत्रं आली आणि त्यांत अकरा मतं. गावात तर विचारूच नका. खाटीक म्हणाला, सॉसेज भरायच्या यंत्राचा तुकडा. दातांचे डॉक्टर म्हणाले, पायानं चालवायच्या जुन्या ड्रिलचा. डेअरीतला लोरेन्त्स म्हणाला, रशियन दूध काढायचं यंत्र, मी अशी शंभर खोललीत. आणि आमचे निवृत्त हेडमास्तर — ते दोन तास बोलले, उभ्यानं, रॉकेटच्या शेपटीतला मेंदू म्हणाले. ज्याला त्याला आपापलं दिसलं. म्हणून मी काय म्हणतो, तुम्ही सरळ 'अज्ञात' लिहा. अज्ञात हा चांगला शब्द आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटीवर 'अज्ञात' आलं की लोक थांबतात, चष्मा काढतात, बायकोला हाक मारतात. आणि 'अमुक यंत्राचा तमुक भाग' लिहिलं की पुढे जातात. तुमच्याच संग्रहालयात बघा ना कधी कोपऱ्यात उभं राहून. — नाही म्हणता? बरं, मोजा तर मोजा. मी आपलं सुचवलं.

तो शिक्का होय. हो, गरुड आहे तो, मी बरीच वर्षं कोंबडी समजत होतो. विमानातलंच आहे, त्यात वादच नाही, पंचेचाळीसच्या एप्रिलात खाणीच्या मागे पडलं होतं ना, आपलंच जर्मन विमान — वैमानिक छत्रीनं उतरला तो नेमका प्लमच्या झाडावर, शिडी लावून काढावा लागला. आणि रशियन यायच्या आत गावानं ते विमान असं साफ केलं की मुंग्यांनी लाजावं. पत्रा, वायरी, काचा, सगळं घरोघर गेलं. आमच्याकडे त्या पत्र्याची कढई आहे अजून, बटाट्याची धिरडी तिच्यात कधी चिकटत नाहीत. हे मात्र कोणी नेलं नव्हतं. हे माझ्या सासऱ्यांनी आणलं, ऑस्वीन नॉयबर्टनी, सेहेचाळीसमध्ये, कैदेतून सुटून आल्यावर. सगळ्यांनी नको म्हणून फेकलेलं हेच त्यांनी उचललं, कोटात घालून घरी आणलं, आणि सासूबाईंना वाटलं कोंबडं आणलंय. — युद्धात? युद्धात ते बटाटे सोलत होते, नॉर्वेत, कुठल्या विमानतळाच्या स्वयंपाकघरात. असंच सांगायचे. कधीही विचारा, बटाटे. आता गंमत अशी की घरी त्यांना बटाटा सोलता येत नसे, निम्मा सालात जायचा. आम्ही म्हणायचो, नॉर्वेतल्या त्या पोरांनी खाल्लं तरी काय असेल.

चला, तुम्हाला आमचा डोंगर दाखवतो. ते राहू द्या टेबलावर — बरोबर घेताय? बरं, घ्या. जपून, पायरी आहे. हा बघा. सगळा लाकडी, अकरा मीटर लांब, दोनशे चौदा बाहुल्या, एकूण एक सासऱ्यांनी कोरलेली. ह्या बाजूला खाण, खाणकामगार खाली जातात, वर येतात. त्या बाजूला मेंढपाळ, गोठा, गोठ्यात बाळ. मधे आमचं जंगल, कारण जंगलाशिवाय बेथलेहेम आमच्या लोकांना पटत नाही. तुम्ही सपाट मुलखातले, तुमच्याकडे नाताळात नुसतं एक झाड उभं करतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. इथे काहीतरी फिरलं पाहिजे. उद्या तीन वाजता हा दांडा ओढला आणि डोंगर फिरायला लागला की गाव म्हणतं, आला नाताळ. तोवर कॅलेंडर काही का म्हणेना.

दांडा ना? मी ओढतो. गेली तीन वर्षं मीच. आधी गोटहोल्ट ओढायचा — ख्रिस्टेलचा भाऊ, माझा मेहुणा, सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा. एकतीस वर्षं त्यानं ओढला. मी कोण, मी जावई, त्यात बाहेरचा. — कुठला म्हणजे, खालच्या गावचा. चार किलोमीटर. हसू नका, इथे चार किलोमीटर म्हणजे परदेश. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, अजून बेकरीत माझ्या मागे म्हणतात, 'खालचा उलिश आला वाटतं'. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. मला तर कोणी ग्रहांत धरलंच नाही. तेल घाल, धूळ पूस, उंदरांचे सापळे लाव — ते सगळं माझ्याकडे. आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव टाळ्या वाजवतं तेव्हा दांड्याला हात गोटहोल्टचा. मला वाईट वाटायचं असं नाही. म्हणजे वाटायचं. पण ते जाऊ द्या.

थांबा, सुरू करतो. हं. ऐका कसं चालतंय, एक चाक कुरकुरत नाही. ते वर बघा, झाडांच्या शेंड्यांवरून फिरतात ते तीन देवदूत, एका चाकावर तिघं, किती खाली येतात जंगलावर, पण एका फांदीला कधी पंख लागला नाही. — तो? तो लाकूडतोड्या. नाही हलत. त्याची जेवणाची सुट्टी आहे, लोकांना मी तसंच सांगतो. — दोरी? कुठली दोरी. हां, ती. कुऱ्हाड बांधून ठेवलीय हो त्याची, स्वभावानं जरा तापट आहे. — त्याच्या मागची ती चार भोकं किड्यांची आहेत. लाकूड म्हटलं की कीड आली. — सारख्या अंतरावर आहेत खरी, आमच्याकडचे किडे शिस्तीचे. — अहो नका, नका लावून बघू, उगाच रंग उडेल. बसलं? चारही? योगायोग हो. जगात चार भोकांच्या वस्तू काय कमी आहेत.

बरं, ऐका. इथेच होतं ते. लाकूडतोड्याच्या मागे, झुडपात. माइक्सनरबाईंना हे माहीत नाही, खिळे शोधताना त्यांच्या हाती लागलं तेव्हा मी सांगितलं की माळ्यावर सापडलं. मीच काढलं, तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, साफसफाईला. टकटक करायचं हो. दिवसभर. बाकी डोंगर लोण्यासारखा चालायचा आणि मधे हे, टक टक टक, तीस वर्षं मी ते ऐकलं. कशालाही जोडलेलं दिसेना. म्हणजे खालून एक बारीक साखळी यायची देवदूतांच्या चाकाकडून, आणि दोन वायरी जायच्या लाकूडतोड्याच्या मोटरकडे, पण काम काही करताना दिसेना. शेजारी लाकडावर पेन्सिलीनं सासऱ्यांचं अक्षर होतं — 'हात लावू नये. ओ. एन.' — तर खरा नॉयबर्ट असता त्यानं लावला नसता. गोटहोल्टनं कधी लावला नाही. मी म्हटलं, सासरे जाऊन बारा वर्षं झाली, आता कोण रागावतंय. एकदा विचारलं होतं मी त्यांना, पप्पा, हे करतं तरी काय. तर पाइप काढून म्हणाले, "थांबतं." एवढंच, आणि पुन्हा पाइप तोंडात. आता थांबणं हे काय काम झालं? मी ते काढलं, दोन वायरी एकमेकींना जोडल्या, पाव तास चालवून बघितलं. टकटक बंद. लाकूडतोड्या उलट आधीपेक्षा जोमानं कामाला लागला. मी घरी जाऊन दोन बिअर प्यायलो.

मग आला आगमनाचा रविवार. खोली भरलेली, जिन्यापर्यंत माणसं, पितळी वाजंत्रीवाले ह्या भिंतीला ओळीनं. गोटहोल्टनं दांडा ओढला, टाळ्या, सगळं छान. चाळीस मिनिटं झाली असतील. पाद्रीबुवा पुस्तक उघडून वाचायला लागले, मेंढपाळांना देवदूत म्हणाला, भिऊ नका — आणि कुऱ्हाड वर जायला आणि मधला देवदूत तिथे यायला एकच गाठ पडली. डोकं उडालं. उडालं ते सरळ ट्यूबात पडलं — तो मोठा पितळी भोंगा, तोंड आकाशाकडे — आणि तो वाजवणारा भला माणूस, त्याला कळलंच नाही, त्यानं पुढचं गाणं तसंच वाजवलं. सर्दी झालेली गाय ऐकलीत कधी? तसं. मुलं हसायला लागली, एक म्हातारी रडायला लागली, पाद्रीबुवा दुसऱ्यांदा म्हणाले भिऊ नका, तेव्हा दुसऱ्या देवदूताचा पंख गेला. डोकं नवीन वर्षात मिळालं, ट्यूबा खोलून. आता चिकटवलंय, जरा डावीकडे बघतो तो, पण खालून दिसत नाही.

कुणामुळे म्हणजे? ते ठरलं ना तेव्हाच. गोटहोल्टचा हात दांड्यावर होता. दांडा जास्त पुढे गेला की वेग वाढतो, वेग वाढला की... जेवताना त्यानं एक घोट घेतलाही होता, थंडी होती, सगळेच घेतात. चूक होते माणसाकडून. कोणी त्याला बोललं नाही फारसं. त्यानंच ह्या खोलीची किल्ली काढून माइक्सनरबाईंच्या हातात दिली, आणि बाईंनी ती माझ्याकडे दिली. झालं. श्टोलन घ्या ना अजून, तुम्ही काहीच खात नाही.

काय मोजताय? उंचवटे? तीन आहेत, मला माहीत आहे, त्या आतल्या चकतीवर, सारख्या अंतरावर तीन. — तीन पात्यांचा म्हणजे? विमानाचा पंखा? पुढचा? — हळू बोला, मला एकेक समजू द्या. बंदूक पंख्याच्या मागे. बरं. गोळी पंख्यातून पुढे जायची. म्हणजे स्वतःच्याच पंख्याला लागणार की. — हे? हे अडवतं? पातं समोर असलं की हे बंदुकीला थांब म्हणतं, आणि पातं सरकलं की जा म्हणतं. वैमानिक चाप धरून बसलाय, बंदुकीला सुटायची घाई, आणि हे मधे बसून — थांबतं.

डोंगर बंद करा, तो दांडा मागे घ्या. सावकाश. हं.

म्हणजे म्हातारा बटाटे सोलत नव्हता तर. कोणाला तरी माहीत होतं का हो हे? सासूबाईंना? बंदुकीच्या ह्याच भागाचं काम त्या विमानतळावर करत असणार, नाहीतर त्या ढिगातून नेमकं हेच कसं उचललं. आणि घरी आणून — तीन पात्यांच्या जागी तीन देवदूत. बंदुकीच्या जागी लाकूडतोड्या. देवदूत समोर असला की कुऱ्हाड खाली राहते, देवदूत गेला की वर जाते. एकूण एक तेच. आणि मी ते काढून बिस्किटांच्या डब्यात टाकलं, कारण टकटक करतं. — पाव तासात का नाही झालं? तेच मी त्या दिवसापासून डोक्यात घोळवतोय, तुम्ही नका सांगू. दोघांची चाल जवळजवळ सारखी. जवळजवळ. दर फेरीला कुऱ्हाड केसभर मागे पडणार, आणि चाळीस मिनिटांनी बरोबर मानेवर. मी चाळीस मिनिटं चालवून बघायला हवं होतं. बिअर थांबली असती.

हो, मला माहीत होतं. आता कसं म्हणू की नव्हतं. डोकं उडालं त्या क्षणाला मला कळलं, त्या दोन वायरी डोळ्यांपुढे आल्या. पण नक्की नव्हतं ना काही. ह्या वस्तूला नाव नव्हतं तोवर माझ्याकडे बोट दाखवणारं कोणी नव्हतं. म्हणून म्हणत होतो, अज्ञात लिहा. आणि त्या दिवशी सगळ्यांनी वळून गोटहोल्टकडे बघितलं, तो आपल्या हाताकडे बघत होता, आणि कोणीतरी विचारलं, काय झालं रे — तेव्हा मी बोललो. एकच वाक्य. 'हात जरा पुढे गेला असेल त्याचा.' आवाजही चढवला नाही, उलट त्याला सांभाळून घेतल्यासारखं बोललो, लोकांना माझं कौतुक वाटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो मी. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? तो भांडला असता तर बरं झालं असतं. गोटहोल्ट भांडला नाही. त्याला ते पटलं. एकतीस वर्षं हात एक दाणाभर हलला नव्हता त्याचा, आणि माझ्या एका वाक्यावर त्याला वाटलं, म्हातारा झालो, हात गेला माझा. तेव्हापासून कोरायचंही सोडलं त्यानं. सुरी दिसली तर ड्रॉवरमध्ये टाकतो, ख्रिस्टेल सांगते. ती जाते दर रविवारी भावाकडे केक घेऊन. आधी ताट धुऊन परत यायचं, आता तसंच येतं, आणि अर्धा केकही तसाच. मला म्हणते, तू का येत नाहीस रे, तुझ्याशी तो बोलेल. आणि मी म्हणतो, माझे गुडघे दुखतात. रस्त्याच्या पलीकडे राहतो तो. त्या खिडकीतून दिसतं बघा, हिरवं दार. सगळ्या गल्लीत खिडक्यांत नाताळचे दिवे लागलेत, आणि त्याची एक खिडकी तीन नाताळ झाले काळी. आमच्या गावात घरात मयत झालं तरी लोक दिवे लावतात.

काय लिहिताय? वाचून दाखवा. — हं. हं. 'ऑस्वीन नॉयबर्ट यांनी ही यंत्रणा लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीसाठी वापरली.' चांगलं लिहिलंत. नाही, खोडू नका. मी मघाशी काय म्हटलं ते विसरा. फक्त शेवटी घाला, 'ही काढून टाकल्यामुळे अपघात झाला.' कोणी काढली ते? ते... लिहा. एरहार्ट उलिश. ह नंतर आ, आणि शेवटी ट. उलिशमध्ये एकच ल.

आता हे परत बसवायला हवं, उद्या तीनच्या आत. द्या, मी — नाही जमणार. जोडीन हो मी, चार स्क्रू आणि दोन वायरी, त्यात काय. पण चकती किती फिरवून बसवायची, कुठला उंचवटा कुठल्या देवदूताला, ते सासऱ्यांनी एकट्या गोटहोल्टला दाखवलंय. बापानं मुलाला. केसभर चुकलं तर उद्या पुन्हा डोकं ट्यूबात. तुम्ही कागद बघून सांगाल? तुमचा कागद पंख्याचा आहे, देवदूतांचा नाही.

तुम्ही जाता का त्याच्याकडे? ही डबी घेऊन. संग्रहालयाचा माणूस, हातमोजे, तुमचं तो ऐकेल. मी मागे उभा राहतो, तुम्ही एवढंच सांगा की यंत्राची... नको. नको, तुम्ही गेलात तर तुम्ही यंत्राचं सांगाल, आणि तो मान हलवेल, आणि मी तुमच्या पाठीमागून मान हलवीन, आणि झालं. ते वाक्य माझ्या तोंडून गेलंय. द्या ती डबी इकडे. कागदही द्या. कोट कुठे ठेवला मी. — सोबत येऊ का काय विचारता, रस्ता ओलांडायचाय, सत्तर पावलं आहेत. गुडघ्यांचं तुम्ही नका बघू.

तुमची बस चार वीसला, चर्चच्या समोरून. श्टोलन कागदात गुंडाळून न्या, सगळा न्या, ख्रिस्टेलला मी सांगेन काय ते, आता तिला बरंच सांगायचंय. दार नुसतं लोटून घ्या, दिवा चालू राहू द्या, गोटहोल्टला अंधारात ह्या पायऱ्या चढवत नाहीत हल्ली. आणि मी एकटाच परत आलो, तर ते बघायला तुम्ही इथे नकोत. निघा आता.